हबवरचं कुंकू

कुंडल, गुरुवार, नोव्हेंबर १९९६

हाताचं ग्रीस अजून निघालं नाही, तरी लिहितोय. सांगलीहून आणलेले लॉकिंग हब आज जीपच्या पुढच्या चाकांना बसवले. चिखल आला की उतरायचं, हबवरची चकती फिरवायची, खट्ट वाजलं की पुढची चाकंही ओढायला लागतात. आबांना पटलेलं नव्हतं. "फौजेत आमी असलं काय कवा केलं न्हाई," म्हणाले.

आईनं पूजा केली, दोन्ही हबवर हळदकुंकू थापलं. चकत्यांवरच्या चालू-बंदच्या खुणा झाकल्या गेल्या. पण तिच्यासमोर कुंकू पुसणार कसं? अंदाजानंच फिरवल्या आणि जीप ओढ्यात घातली. रुतली. मागची चाकं नुसती गरगरतायत, पुढची हलेनात. चुकलं कुठं? हबच खोटे निघाले की काय?

शेजारी बसलेले आबा चिखलात उतरले. उजव्या हबवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं, तोच अंगठा कपाळाला लावला. चकती मोकळीच राहिली होती; एक मोकळी राहिली की पुढची दोन्ही चाकं ओढत नाहीत. "तुझ्या आईचा हात लय सढळ हाय रं," म्हणाले. खट्ट. जीप अशी उसळून निघाली की मी ओरडलोच.

आई केव्हाची जेवायला हाका मारतेय. आबा अंगणात, जीपपाशी. खट्ट ऐकू येतं. थोड्या वेळानं परत खट्ट.