माळ्यावरची जागा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१४ डिसेंबर २०२५

स्वस्ति श्री सकलमोसंबीउद्यानसम्राज्ञी, पाचोडमंडलभूषण, पुंडलिकहृदयनियंत्रिका, श्रवणयंत्रशिट्टीवादनप्रवीणा, अखंडसौभाग्यालंकृत ज्येष्ठभगिनी सौ. सुरेखाअक्का यांच्या चरणकमली, कनिष्ठ बंधू, संस्कृताध्यापक, निवृत्तीच्या उंबरठ्यावर चपला शोधत उभा असलेला सोमनाथ याचा शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होतो; परंतु फोन कानाशी नेताच तुझे श्रवणयंत्र शिट्टी मारते आणि मग आपण दोघेही रेल्वेच्या गार्डासारखे बोलतो. म्हणून पत्र. गोकुळ मोसंबीच्या फेरीला येतो, त्याच्या हाती देत आहे.

वार्ता अशी की, आपल्या कुळावर समुद्रपर्यटनाचा योग ओढवला आहे. तीर्थरूप दादांच्या ऐंशीनिमित्त श्रेयाने पुण्याहून परस्पर एका प्रवासी जहाजात खोली घेतली. स्वतः कन्येला रजा नाही. तेव्हा दादा, माय, सौ. प्रेरणा आणि मी. मार्चमध्ये मुंबईहून कोचीपर्यंत जाणे आणि परत. खोली चौघांची. दोन खाटा खाली, दोन छतातून उतरतात. इथवर सारे शास्त्रशुद्ध होते. मग मायने विचारले की सुरेखा कुठे झोपणार.

मी म्हणालो की सुरेखा पाचोडला झोपणार. त्यावर तिने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

दादांनी खोलीचे माप मागितले. घर बांधताना पाया आखायला आणलेली चुन्याची फक्की अजून जिन्याखाली होती. ती घेऊन त्यांनी गच्चीवर संपूर्ण खोली आखली. खाटा, कपाट, शौचालय, दार. प्रेरणा शौचालयाच्या जागी उभी राहिली, कारण अन्यत्र जागाच नव्हती. खालच्या दोन खाटांवर दादा आणि प्रेरणा. प्रेरणेच्या डोक्यावर मी. दादांच्या डोक्यावरची चौथी खाट मायने स्वतःसाठी आणि तुझ्यासाठी राखून ठेवली. म्हणाली की तो माळा आहे, ज्वारीत राखणीला असायचा तसा. आम्ही मायलेकी त्यावर कैक हंगाम झोपलोय. या वयात ती शिडी चढेल का, अशी शंका मी विनयपूर्वक प्रकट केली. उत्तरादाखल ती पाण्याच्या टाकीवर चढून बसली. शेजाऱ्यांनी खाली येण्याची विनंती केली. ती सावकाश आली.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातील प्रवासकचेरीत दादा, माय आणि मी असे तिघे गेलो. तेथील प्रणय नावाचा सज्जन म्हणाला की प्रश्न खाटेच्या रुंदीचा नाही. डोकी मोजली जातात, कारण जहाज बुडू लागल्यास होडीत खोलीमागे चारच आसने असतात. मायने त्याला सांगितले की तसं काही झालं तर मी लेकीला मांडीवर घेईन, लहानपणीही घेतच होते. प्रणयने आम्हाला पाणी विचारले.

परतताना रिक्षात तिने निकाल दिला: तिच्या जागी तुझे नाव घालावे. तिला म्हणे पाण्याची भीती वाटते. जी बाई विहिरीत उड्या मारत मोठी झाली, तिला! तरी आज्ञेनुसार कळवतो. तुझा होकार यावा. लोभ मोसंबीप्रमाणे पेटीभर असावा.

तुझा,
सोमनाथ

* * *

पाचोड
२१ डिसेंबर २०२५

चि. सोमनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गोकुळनं दिलं. वरच्या पदव्या मी ह्यांना वाचून दाखवल्या, तर त्यांनी विचारलं की हे पत्र हाय का लग्नपत्रिका. हृदयनियंत्रिकेचा अर्थ सांगितला तर म्हणाले, एवढं शिकून सोमनाथला खरं बोलता येतं हे लई झालं.

आता माझं ऐक. मी येणार नाय. मायला उठवून तिच्या जाग्यावर मी आडवी होऊ? मला एक डोळा झोप लागायची नाय. तिला सांग की सुरेखाला मोसंबीची तोडणी हाय. पटणार नाय तिला, पण सांग.

माळ्याचं तिनं काढलं आणि मला सगळं आठवलं. मी चार-पाच वर्षांची असेन, तू पाळण्यात. ज्वारी हुरड्यात आली की माय मला घेऊन माळ्यावर झोपायची. मी तिचा पदर मुठीत धरून. दादा रात्री फेरी मारत यायचे आणि खालून माळ्याच्या खांबावर एकदा बोटानं वाजवायचे. माय जागी असली तर वरून फळीवर एकदा वाजवायची. मग ते जाऊन झोपायचे. एकदा तिनं वाजवलं नाय, तर दादा तांबडं फुटेपर्यंत खालीच बसले होते. तिला डोळा लागला होता, बाकी काही नव्हतं. सकाळी तिनं त्यांना लई हसून घेतलं.

तर तिलाच घेऊन जा. पाण्याची भीती बिती काही नाय, ती मला जागा करून देतीय. सोबत एक उशी पाठवतेय, आपल्या रानातल्या कापसाची, बारकी, तिच्या मानेला सोसंल अशी. जहाजातल्या उशा फुगलेल्या असतात म्हणे. तिला सांग की सुरेखानं उशी पाठवलीय म्हणजे तुलाच जायचंय.

प्रेरणाला सांग, शौचालयात उभं राहून पाय दुखले असतील तर तेल लाव. माया पातळ करू नको.

तुझी,
अक्का

* * *

पडेगाव
८ फेब्रुवारी २०२६

स्वस्ति श्री सुरेखाअक्का यांस शि. सा. न. वि. वि.

या वेळी उपाध्या जोडलेल्या नाहीत. जागा मोकळी सोडली आहे. सवडीने भरून घ्याव्यात.

तेराव्यानंतर तू गेलीस, त्यानंतरची वार्ता विशेष अशी नाही. घर व्यवस्थित चालले आहे. सकाळी दूध येते. प्रेरणा शाळेचा डबा देते आणि मी तो संपवून आणतो. माय गेली त्या सकाळी निवडत होती ती मेथी प्रेरणाने दुसऱ्या दिवशी निवडून पूर्ण केली आणि कुणी खाल्लीही, बहुधा मीच. वर्गात परवा मी एका श्लोकाच्या मध्यावर बराच वेळ थांबलो. विद्यार्थ्यांनी ती अध्यापनाची पद्धत समजून वहीत ओळ मोकळी सोडली.

दादा ठीक आहेत. पलंगावर झोपत नाहीत, मायच्या पलंगाशेजारी खाली सतरंजी टाकतात. गच्चीवरची फक्की त्यांनी झाडू दिली नाही आणि पाऊस तर या दिवसांत येत नाही, त्यामुळे जहाज शाबूत आहे. संध्याकाळी ते आपल्या खाटेच्या चौकटीत जाऊन बसतात. प्रेरणा धुणे जहाज सोडून वाळत घालते.

काल प्रणयचा फोन आला. खोली रद्द करण्याची मुदत तेराव्याच्या गडबडीत निघून गेली होती आणि हे सांगताना तोच अधिक ओशाळला. मात्र नाव बदलून मिळते, असे म्हणाला. आता नियमात बसते, चौघेच होतात, असेही तो म्हणाला. मग त्याने विचारले की साहेब, चहाला कधी येताय. त्याचा दोष नाही. गणित बरोबर होते. डिसेंबरभर मी जे सोडवू शकलो नाही ते सुटले होते.

मी दादांना विचारले की आपण जाऊ नये असे वाटत असेल तर तसे सांगावे. त्यांनी एवढेच विचारले की निघायचं कधी. थोड्या वेळाने म्हणाले की सुरेखाला विचार, माळ्यावर येती का.

तेव्हा विचारतो. तू आलीस तर दादांना बरे वाटेल, असा माझा अंदाज आहे. सध्या माझे अंदाज फारसे चालत नाहीत. उत्तर गोकुळबरोबर पाठवावे. लोभाविषयी काही लिहीत नाही, तो तुला ठाऊक आहे.

सोमनाथ

* * *

पाचोड
१५ फेब्रुवारी २०२६

चि. सोमनाथ यास आशीर्वाद.

सारजाकाकू बाजारात भेटल्या. चार बायांसमोर म्हणाल्या की आवडाबाईला जाऊन वर्ष व्हायचंय आणि लेक जहाज फिरायला चाललाय. मी सांगितलं की तिकीट मायच्याच नावाचं हाय, ती बेत करून गेलीय, तुमची हरकत तिलाच जाऊन सांगा. मग त्या वांगी बघायला लागल्या.

पण मी नाय म्हणते ते काकूंच्या भीतीनं नाय. हे पण म्हणाले की जा, तोडणी मी बघतो. तरी नाय. ती जागा आम्हा दोघींना पुरली असती, सोमनाथ. तुला बारकी वाटत होती ती. आता मला एकटीला ती लई मोठी व्हईल. मी त्याच्यावर काय करू, सांग.

दादांना मात्र ने. माझ्यासाठी म्हणून थांबवू नको. उशी मायच्या ट्रंकेवर असंल, ती त्यांच्यासोबत दे.

मला रडू येत नाय. झाडांना पाणी देते, भाकरी करते, टीव्ही लावते. दवाखान्यात कानाचं मशिन तपासून आणलं, तर आता सगळं नीट ऐकू येतं आणि ऐकायला काही नाय. तुला रडू येतं का ते कळव.

अक्का

* * *

अरबी समुद्र, जहाजाचा पाचवा मजला
७ मार्च २०२६

स्वस्ति श्री पाचोडमंडलभूषण, सारजाकाकूमुखस्तंभनकर्त्री ज्येष्ठभगिनी सौ. सुरेखाअक्का यांस, जलमार्गस्थ बंधू सोमनाथ याचा शि. सा. न. वि. वि.

कोचीला टपालपेटी मिळाली नाही, तेव्हा हे पत्र गोकुळच्याच हाती येईल. प्रथम तुझ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. बाकी प्रकृती उत्तम.

नौका भव्य आहे. तीत भोजनगृहे, जलतरणतलाव आणि दिवसभर वाजणारे संगीत आहे. आमची खोली मात्र या साऱ्या वैभवाच्या पोटात, आतल्या बाजूस आहे. खिडकी नाही. खिडकीच्या जागी समुद्राचे चित्र लावले आहे. समुद्रावर राहून आम्ही त्याचे चित्र पाहतो आणि प्रेरणा म्हणते की घरच्या कॅलेंडरवर याहून बरे होते.

दादांनी आखलेली खोली आणि ही खोली यांत भेद नाही. त्यांनी आत येताच पावलांनी मापून पाहिले आणि मान हलवली. एकच चूक निघाली: त्यांच्या आराखड्यात शौचालयाचे दार आत उघडत होते, येथे ते बाहेर उघडते. याविषयी पुढे लिहितो.

ठरल्याप्रमाणे दादा खाली, प्रेरणा खाली, प्रेरणेच्या डोक्यावर मी. दादांच्या वरची खाट रिकामी. खोलीची व्यवस्था पाहणारा कृष्णा नावाचा चाळिशीचा गृहस्थ आहे. संध्याकाळी येऊन तो छतातल्या खाटा उतरवतो. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितले की दादांवरची उतरवू नये. त्याने उतरवली नाही. त्या रात्री दादा खाटेवरून उठून जमिनीवर झोपले. जमीन इतकी अरुंद आहे की प्रेरणेला पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ती सकाळपर्यंत उठलीच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही वर फिरून आलो तर खाट उतरलेली, वर पांढरी चादर, आणि चादरीवर तू दिलेली उशी. कृष्णाच्या विस्मरणशक्तीची मी मनात यथोचित स्तुती केली आणि बाहेर गाठून त्याला विचारले. तो म्हणाला की बाबांनीच सांगितले. दादांना हिंदी येत नाही, पण निजामाच्या मुलखातली जी बोली येते ती कामास आली. माळा नीचे उतारो, असे ते त्याला म्हणाले. माळा म्हणजे काय हे त्याला कळले नाही, तेव्हा दादांनी वर बोट दाखवले. त्याने शिडीही लावून दिली; त्याचा समज असा की कुणीतरी यायचे आहे.

मी खोलीत परतलो. दादा पडले होते. त्यांनी हात वर केला आणि खाटेच्या तळाला बोटाने एकदा वाजवले. प्रेरणेने तोंड त्या समुद्राच्या चित्राकडे केले. मी चपला काढत होतो, त्या काढून परत घातल्या, का ते सांगता येणार नाही. जहाजाची यंत्रे चालू असली की सारे लाकूड किंचित कुरकुरते. दादांनी थोडा वेळ ते ऐकले. मग कुशीवर वळले आणि झोपले. मायनंतर प्रथमच खाटेवर झोपले आणि घोरले. सारा कुंभकर्णवंश लज्जित व्हावा असे घोरले. मी जागाच होतो, मला आक्षेप नव्हता.

तेव्हापासून रोज तसेच चालते. मी कृष्णाला काही सांगत नाही. खोलीत तिघे आहोत आणि खोली भरलेली आहे. तू आली नाहीस ते बरोबर केलेस, असे आता मला वाटते. जागा खरोखरच शिल्लक नव्हती.

सौ. प्रेरणेचा नमस्कार. पुंडलिकदाजींस माझा. लोभ आहे तेवढाच राहू द्यावा. वाढविण्यास खोलीत जागा नाही.

तुझा,
सोमनाथ

ता. क. — ती खाट खाली असली की शौचालयाचे दार तिच्या कडेला अडते आणि अर्धेच उघडते. प्रेरणा कशीबशी जाते. मला मात्र आडवे होऊन, पोट आत ओढून शिरावे लागते. काल सदऱ्याचे मधले बटण कडीत अडकून तुटले. स्वागतकक्षात तक्रार केली. तेथील बाईंनी विचारले की ती खाट कुणी वापरते का, वापरत नसल्यास लगेच बंद करून देऊ. मी सांगितले की वापरते. तेव्हा त्या म्हणाल्या की मग दाराचे काही करता येणार नाही. बटण दादांच्या खाटेखाली गेले असावे. दोनदा पाहिले, सापडत नाही.