दारातून न निघणारं घर

नाशिक,
कोजागरीनंतरचा सोमवार

आदरणीय व्याही चंदरराव यांस रंगनाथचा मनापासून नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. आपले गुडघे आता कसे आहेत? (आमच्या सौ. आशाचा निरोप: तिळाचं तेल कोमट करून चोळा, बाटली नुसती खिडकीत ठेवू नका.) इकडे सगळं ठीक आहे, डाव्या हाताची दोन बोटं सोडून.

आपले गुडघे धरले म्हणून अमोलराव जूनमध्ये दुकान सांभाळायला नांदगावला आले, हे योग्यच झालं. बापाकडे मुलाने नाही बघायचं तर कुणी? माझी तक्रार नाही. फक्त त्यांच्यासोबत आमची योगिनी आणि सायलीही गेल्या, आणि सहा वर्षं दणदणणारा आमचा वरचा मजला गप्प झाला. निघताना सायली म्हणाली, "आबा, माझ्या बाहुल्यांना लाकडाचं घर करून दे. तुला सगळं येतं ना?" आता चौतीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढलेला, केसाएवढ्या फरकासाठी गाडीभर माल परत पाठवणारा माणूस नातीला "नाही येत" कसं म्हणेल?

पण चंदरराव, लोखंड सरळ असतं. सांगितलेलं ऐकतं. लाकूड पावसात फुगतं, उन्हात वाकडं होतं आणि आपण करवत लावली की भलतीकडेच चिरतं. मी पद्धतशीर नकाशा काढला, मायक्रॉनपर्यंत मापं टाकली आणि फळ्या कापून घ्यायला ओळखीच्या सुताराकडे गेलो. त्याने कागद उलटासुलटा करून विचारलं, "साहेब, हे घर हाय का पाण्याचा पंप?" मग फळ्या मीच कापल्या. पहिला जिना वर जाऊन भिंतीला धडकला. छप्पर चिकटवताना दोन बोटंही चिकटली, आणि नेमका तेव्हाच गॅसवाला आला. हाताला छप्पर लटकवून सिलिंडर घेणारा मी नाशकातला पहिलाच असेन. (त्याने पावती त्या छपरावरच ठेवून सही घेतली. त्याचंच जास्त लागलं.)

शेवटी भाद्रपदात घर उभं राहिलं. मी मोठ्या तोऱ्यात आशाला बोलावलं. तिने चष्मा लावून सगळ्या खोल्या पाहिल्या आणि म्हणाली, "स्वयंपाकघर कुठंय? तुमच्या बाहुल्या काय डबा लावणार?" मग मागे स्वयंपाकघर जोडलं. ते जोडलं म्हणून तोल जायला लागला, म्हणून पुढे ओटा केला. मग बाजूला एक खोली काढली, आबा-आजीची. ती सायलीने मागितली नव्हती. तिच्या बाहुल्या वर राहतात, खाली कुणी म्हातारं माणूस नको का?

खरं सांगतो, तिची फार आठवण येते. फोनवर ती दोन मिनिटं बोलते आणि पळते, म्हणून हे पत्र. तिची जुनी लाल चप्पल अजून आमच्या दाराशी आहे. आशा रोज झाडताना ती उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

आता मुद्द्याची अडचण. घर तिकडे पाठवायला टेम्पो ठरवला, चार माणसं बोलावली. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं, पण घर खोलीच्या दारातून बाहेर निघेना. दार अडीच फुटी आणि घर चहूबाजूंनी पावणेतीन. डिंक आणि स्क्रू असे बसलेत की सोडवायचं तर मोडावंच लागेल. शेजारचा दत्तू तर हसून हसून आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावर बसला. एवढा तपासणीवाला, आणि दाराचं माप घ्यायला विसरला! मी मान खाली घातली.

आपला,
रंगनाथ

ता. क. घर सायलीकडे येऊ शकत नाही, तेव्हा सायलीनेच घराकडे यावं. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस पाठवाल का? न्यायला मी स्वतः येईन. आपल्याकडे चहा घेईन आणि पुढच्याच गाडीने परतेन.

ता. क. दुसरा. योगिनीला दुकानातून सुट्टी मिळाली तर तीही. वरची खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. आशा म्हणते, व्याह्यांना खोटं लिहून पाकीट बंद करू नका. तर, हे फक्त आपल्यात ठेवा: दाराचं माप मी पहिली फळी कापायच्या आधीच घेतलं होतं.