तिसरं पुस्तक अर्धंच

बाबा, ऐकून तुम्हाला हसू येईल. पोंभुर्ण्याच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने आपला धम्मग्रंथ वाचतात, पण यंदा बायकांनी ठरवलं, दुसऱ्या धर्मांचं शहाणपणही ऐकायचं. ज्यू लोकांची पाळी आली आणि पुस्तकं सुचवायचं काम माझ्यावर पडलं, कारण इथलं वाचनालय मी सांभाळते. मी आयुष्यात एकही ज्यू माणूस पाहिलेला नाही. भीतीनं आठवडाभर यादी लिहीत होते आणि खोडत होते.

भीतीचं कारण तुम्हीच. माजरीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. तुम्ही खाणीतली पहिली पाळी करून आलेले, आंघोळीनंतरही नखांत कोळसा. मी शेजारच्या मैत्रिणीला अर्धंच वाचलेलं गोष्टीचं पुस्तक ‘फार मजेदार आहे’ म्हणून दिलेलं. शेवटी त्यातलं हरीण मरतं. ती रडत दारात येते आणि तुम्ही भाकर उलथता उलथता म्हणता, “पुढं काय हाये तुले माईत नाई, अन् दुसऱ्याले वाट दाखवून राह्यली?”

म्हणून यादीतली पहिली दोन मी दोनदा वाचली. एक, सातव्या दिवशी सगळं काम थांबवण्याबद्दलचं. तुम्ही रविवारीही ओव्हरटाइम करायचात, तुम्हालाच आधी दिलं असतं. दुसरं, गावोगावच्या ज्यू गुरूंच्या छोट्या गोष्टींचं, हसत हसत चिमटा काढणारं. तिसरं मात्र जाडजूड. पानाच्या मधोमध मूळ वचन आणि भोवती पिढ्यानपिढ्यांचे वाद. हरलेल्याचं म्हणणंही जपून ठेवलेलं. ते अर्धंच झालं होतं. गाळावं तर तेच सगळ्यांत सुंदर, सांगावं तर कानात तुमचा आवाज.

रविवारी विहारात उभी राहिले, तिन्ही पुस्तकांबद्दल बोलले आणि तिसरं अर्धंच वाचलंय, हेही सांगून टाकलं. सकाळी धान रोवून आलेली एक मावशी म्हणाली, “या ज्यू लोकायचे म्हातारे त आपल्या बचत गटापेक्षा भांडखोर दिसतेत वं! अर्धं त अर्धं. बाकीचं संगं वाचू. तू एकटीच वाचशील त भांडशील कोणाशी?” सगळ्या हसल्या. मीही, कारण पुस्तकात तेच आहे: हे एकट्यानं वाचायचं नसतं, जोडीदार घेऊन, वाद घालत वाचायचं. दोन पानांवर आम्ही तासभर भांडलो. तुम्ही नि मी मिळून वाचायचो, त्यानंतर इतकी मजा मला वाचताना आली नव्हती.

एक सांगायचं राहिलं. मी बारा वर्षांची असताना तुम्ही गेलात, तेव्हा आपलं चाललेलं पुस्तक मी पुरं केलं, असं आईला सांगितलं होतं. नाही केलं. आपण थांबलो त्या पानातली खूण अजून तिथंच आहे. हे पत्रही तिथंच ठेवते. येत्या रविवारी ते पुस्तक विहारात नेईन आणि मावशीला म्हणेन, हेही अर्धंच आहे.