गुरुवारची मोजणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात रस्त्यांच्या कामांची यादी झाली एकदाची! एक्केचाळीस कामं, प्रत्येकाला शंभरपैकी गुण. पूल, रुंदीकरण, चौक, बसथांबे, ज्याला जे हवं ते सगळं. पहिली दहा या वर्षीच्या आराखड्यात जाणार, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी परत रांगेत उभं राहायचं. सहा महिने हेच चाललंय. रावेतचा जोडरस्ता पहिला आला. ते कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं, पण डोळे उघडे ठेवून सांगायचा पगार मिळतो.

चाकणकडचा, आमच्या गावचा उंबर फाटा (पुढं उं.फा., हात दुखतो) तेहेतिसावा. काम केवढंसं! सिग्नल, हायवेच्या मधोमध माणसांना थांबायला जागा, आणि बसथांबा. गुण कमी, कारण तिथं रस्ता ओलांडणारी माणसंच मोजणीत कमी भरली. मी ब्र काढला नाही. माहेरचं काम म्हणून अर्धा गुणसुद्धा इकडचा तिकडे केला नाही. मोजणी बघणारे कांबळे, त्यांना म्हटलंसुद्धा, "आपला तो बाब्या असलं आपल्याकडे चालत नाही." स्वतःवर भलतीच खूश. येताना ढोकळा घेतला.

८ फेब्रुवारी, रविवार

माहेरी. ह्यांना काम होतं, म्हणून बसनं गेले. एरवी गाडीतून थेट दारात. बसनं उं.फा.वर कंपन्यांच्या बाजूला उतरवलं. गाव हायवेच्या पलीकडे. साडेतीन झालेले, पहिली शिफ्ट नुकतीच सुटलेली. दहा मिनिटं एक पाय रस्त्यात, एक मागे, अशी उभी. कंटेनर थांबेचनात.

तेवढ्यात मागून हाक. "वन्सं! तिथंच थांबा!" आमची वहिनी. सुट्या भागांच्या कंपनीत कामाला आहे. तिच्यामागे तीसेक बायका, एकमेकींची मनगटं धरून. वहिनीनं माझं मनगट पकडलं. "हात द्या. मधे थांबायचं न्हाई. कुणी हॉर्न मारला तरी बघायचं न्हाई." आणि निघाली की ही सगळी साखळी! मी डोळे मिटले होते, खरं सांगते. इतकी वर्षं रस्त्यांचे नकाशे काढतेय, पण रस्ता ओलांडताना एवढी कधी घाबरले नव्हते.

घरी अण्णा ओला हरभरा सोलत बसलेले. कंपनीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चहा अजून शिफ्टच्या वेळेला.

"आपल्या फाट्याचं काय झालं गं?"

"मागं पडला. माणसं कमी भरली."

"कमी? कवा मोजली?"

"गेल्या महिन्यात. गुरुवारी."

अण्णांच्या हातातला घाटा हातातच राहिला. "गुरुवारी? अगं सुले, गुरुवारी फाट्यावर कुत्रं बी फिरत न्हाई! समद्या कंपन्या बंद. एवढी शिकली, आन..."

वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी मात्र गार.

मेले मी! इकडच्या कंपन्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी. हे मला कुणी सांगायला हवं? अख्खं लहानपण त्या सुट्टीवर गेलं. अण्णा घरी म्हणून गुरुवारी शाळा बुडवायची, गुरुवारी मामाकडं जायचं, गुरुवारी बाजार. आज रविवार असून वहिनी कामावरून आली, ती का?

आणि चाकणकडच्या मोजणीला गुरुवार निवडला कुणी? मीच. कारण त्या दिवशी रस्ता मोकळा असतो, मोजणारी माणसं वेळेत पोचतील. गर्दी नाही म्हणून गर्दी मोजायला तो दिवस घेतला! शाबास, सुलभाबाई.

निघताना वहिनी हसत नव्हती. "गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या शोभाचा हात सुटला वन्सं. टेम्पोनं उडवलं. पायात सळई घातलीय, कामावर येत न्हाई आता. तवापासून आमी मनगट धरतो, हात नुसता हातात घेत न्हाई."

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. सांगावं तर म्हणतील, माहेरासाठी उकरून काढलं. न सांगावं तर वहिनी उद्याही तशीच जाणार. मला लाज वाटत होती, तीच खरी अडचण. बाकी सगळी कारणं नंतरची.

तिसऱ्यांदा आत गेले. सगळं सांगितलं, वहिनीचंही. साहेब नागपूरचे.

"अहो मॅडम, तुम्ही इथल्याच ना?"

"हो."

"मग तुम्हालाच नाही कळलं, तर आम्ही नागपूरवाल्यांनी काय करायचं?"

रागावतील असं वाटलं होतं, ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. चाकणकडची चारही कामं उद्याच पुन्हा मोजायची. उं.फा.चे गुण कांबळे देतील, मी त्या कागदाला हात लावायचा नाही. अगदी बरोबर. बाहेर आले तेव्हा पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं वाटलं.

कांबळे मूळचे लातूरचे. म्हणतात कसे, "मला वाटलंच होतं बगा त्या दिवशी. सगळी गेटं बंद. पण तुम्ही इथल्या, म्हणून बोललो नाही."

"वाटलं होतं तर बोलायचं की हो!"

जरा जोरातच बोलले. मग मीच चहा पाजला. चूक माझी, आवाज चढवायचा त्यांच्यावर, हे काही बरं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मोजणी चालू. मला जायची बंदी. जुन्या फायली झटकल्या, कुंडीला दोनदा पाणी घातलं. पावणेचारला कांबळेंचा फोन. "मॅडम, तक्ते संपले. वहीच्या पानावर रेघा मारायलोय." फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. शिपाईमावशी बघून गेल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कांबळेंनी नवी यादी ठेवली. उं.फा. थेट दहावा!

पण एकटा नाही. तेवढेच गुण पिंपळे सौदागरच्या चौकाला. म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा चौक. देवा, तुलाही गंमत करायला मीच सापडते. एक माहेर, एक सासर, आणि जागा एक. निकाल आता समिती लावणार.

संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. "आपला चौक नक्की ना हो यंदा? मुलांना क्लासला सोडताना जीव नकोसा होतो." त्यांचंही खोटं नाही. मीही तिथंच रोज अडकते. म्हटलं, "बघू, समिती आहे." काकू उतरल्या तरी आमच्या सातव्या मजल्यापर्यंत उगीच बटणांकडे बघत राहिले.

रात्री जेवताना अण्णांचा फोन. "सुले, आज गुरुवार हाय. मोजायला येतीस का?" हे आता मरेपर्यंत चालणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

समितीची बैठक. अध्यक्ष नवे, मुंबईहून बदलून आलेले. शिस्तीचे, कमी बोलणारे, बुटांत तोंड दिसेल एवढी चकाकी. कागद दोनदा वाचून म्हणाले, दोन्ही जागा प्रत्यक्ष बघू. मला आवडलं ते. मग डायरी उघडली.

"गुरुवार बरा. त्या दिवशी चाकणचा रस्ता मोकळा असतो म्हणतात."

कांबळेंनी माझ्याकडे बघितलं. साहेब छताकडे बघायला लागले. माझंच वाक्य, शब्दाला शब्द!

म्हटलं, "सर, मंगळवार. सकाळी साडेसहा."

"इतक्या लवकर?"

"पहिली शिफ्ट सातची असते, सर. आणि गुरुवारी तिथं सुट्टी असते. ती चूक मी एकदा केलीय."

बैठकीत मोठ्यानं बोलले हे. कान तापले होते, पण बोलले. अध्यक्षांनी गुरुवार खोडून मंगळवार लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

वहिनीला कळवायचं नाही, असं ठरवलंय. सांगितलं तर ती उगीच नवी साडी नेसून येईल, आणि मग तो तमाशा होईल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं आठवतंय तोवर लिहिते.

साडेसहाला उं.फा. अंगाला गारवा झोंबत होता. अध्यक्ष, साहेब, कांबळे, मी. गाडी गावाच्या बाजूला लावली. मी मुद्दाम लांब, उंबराखाली उभी, तोंडाला स्कार्फ. अध्यक्ष एकटेच कडेला, काखेत फाइल, कंटेनर बघत.

मग बायका आल्या. डबे, पिशव्या, स्वेटर. वहिनी सगळ्यांत पुढं. साखळी धरायला थांबल्या आणि तिला कडेला उभा हा माणूस दिसला. किती वेळचा उभा आहे बिचारा, असंच तिला वाटलं असणार.

"भाऊ, पलीकडं जायचंय न्हवं? नवीन हाय का कंपनीत?"

ते "मी..." एवढंच म्हणाले.

"हात द्या. मधे थांबायचं न्हाई. हॉर्नकडं बघायचं न्हाई."

आणि मनगट धरून नेलं की त्यांना! समितीचे अध्यक्ष साखळीत दुसरे, मागून कुणीतरी त्यांचा दुसरा हात पकडलेला, फाइल हनुवटीखाली दाबलेली. साहेबांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. कांबळे मोजायचं विसरले. मला हसू येत होतं. मधे एक ट्रक अगदी जवळून गेला, तेव्हा हसू थांबलं.

पलीकडे पोचल्यावर वहिनीनं हात सोडला आणि गेटकडे पळाली, हजेरीची वेळ झालेली. सगळ्या पळाल्या. अध्यक्ष एकटे तिकडे, आम्ही इकडे. मधून गाड्यांची रांग तुटेना. त्यांनी दोनदा पाऊल टाकलं, दोनदा मागे घेतलं. मग माझा फोन वाजला.

"मॅडम, परत कसं यायचं?"

मी खरं तेच सांगितलं. "सर, त्या बायका साडेतीनला सुटतात."

शेवटी ड्रायव्हर लांबून वळसा घालून त्यांना घेऊन आला. त्यात अर्धा तास गेला. पिंपळे सौदागरचा चौकही नंतर बघितला, नीट उतरून, चारही बाजूंनी. माणूस न्यायाचा आहे. काकू गॅलरीतून बघत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीत ते नुसते उजवं मनगट चोळत होते. वहिनीची पकड मला माहीत आहे.

निर्णय शुक्रवारी.