उशिरा कापलेली फुलं

बाबा, तुम्ही आयुष्यभर जे झाड दिसेल तिथे उपटलंत, तेच मी इथे न्यूझीलंडमध्ये पगार घेऊन वाढवतो. रीतसर परवान्याने, औषधांच्या संशोधनासाठी, हॅमिल्टनबाहेरच्या एका काचघरात. ऐकून तुमचा पारा चढला असता. पण रागवायला तुम्ही आहात कुठे? मी कॉलेजात असतानाच गेलात.

अबकारी खात्यात जवान होतात तुम्ही. तुरीत लपवलेल्या गांजावर धाड घालून आलात की खाकी शर्टाला तो वास असायचा. मी धावत येतो, तुम्ही दारातच हात आडवा धरता, "आधी आंघोळ करू दे." आई तो शर्ट वेगळ्या दोरीवर टाकायची. एकदा मी त्यात तोंड खुपसून उभा होतो, तर तुम्ही कान पिरगाळलात. "हा वास चांगल्या घरातला नाही!" मला तो गांजाचा वाटतच नव्हता हो, तुमचा वाटायचा.

कोवळ्या फुलाला नुसता कापलेल्या गवताचा वास येतो. मग त्यावरचे राळेचे बारीक थेंब भरू लागतात आणि एके सकाळी कुणीतरी लिंबाची साल सोलल्यासारखं वाटतं. भिंगाखाली ते थेंब आधी पाण्यासारखे दिसतात, मग दुधाळ, शेवटी मधाच्या रंगाचे. तोवर लिंबाचा हलका वास उडायला लागतो आणि खालचा जड, मिरी-लवंगेसारखा वास वर येतो. तुमच्या शर्टाचा. आमची मॅनेजर तिथवर थांबतच नाही, तिला लिंबू हवं असतं. या खेपेला म्हणाली, "उद्या कापूया, मेट." थेंब अजून दुधाळच आहेत, असं काहीबाही मी तिला ऐकवत बसलो. ती हसली. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल'. "चार दिवस घे, पुढे नाही."

हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरातल्या घरात मी एकटाच असतो. मुलगी तिच्या आईकडे, ऑकलंडला. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. शेवटी मीही नाद सोडला. फार एकटं वाटतं, बाबा.

कापणीच्या सकाळी काचघराचं दार उघडलं आणि तो वास आला. आत दुसरं कोणी नव्हतं. तो नक्की तुमचाच होता का, ते सांगता येणार नाही. इतक्या वर्षांनी नाक आपल्या मनासारखंच सांगत असेल. पण मी मोठ्याने "बाबा" म्हणालो आणि माझ्याच आवाजाला दचकलो. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून सांगतो: कितीतरी महिन्यांत माझ्या तोंडून निघालेला तो पहिला मराठी शब्द होता.