घंटी नसलेली गाडी

कोसमटोला,
दि. १२ नोव्हेंबर

प्रिय भाऊ देवाजीस,
तुझ्या थोरल्या बहिणीचा, केसरबाईचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. धान कापून झालं, चुरणं-मळणं बाकी आहे. तुझ्या खोकल्याचं काय ते कळव.

मोठी बातमी म्हणजे आमच्या गावाला रेल्वे थांबायला लागली. गडचिरोलीची गाडी सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, ती शिट्टी मारून पुढे जाईल आणि आपण बांधावरून बघत राहू. पण राज्य सरकारने पैसा घातला, गाड्या वाढल्या, आणि लहान गावांनाही थांबे मिळाले. आमचा थांबा म्हणजे एक फलाट, एक शेड आणि तिकिटाची एक खिडकी. खिडकीत किराणा दुकानवाला झिंगू बसतो, रेल्वेने त्याला एजंट नेमलं आहे. पहिल्या दिवशी गाडीला हार घालायला अख्खं गाव गेलं, आणि सरपंचाचं भाषण संपेपर्यंत गाडी निघून गेली. मग तो हार झिंगूला घातला.

माझी नात संघप्रिया आता खोली सोडून रोज घरूनच तुमच्या गडचिरोलीला नर्सिंग कॉलेजात जाते. पोरगी रात्री माझ्यासमोर जेवते, याहून मला काय पाहिजे. चिठ्ठी तिनेच आणून दिली असती, पण तुझा हट्ट की चिठ्ठी एसटीनेच यावी. म्हणून ही फाट्यावर जाऊन मिथुन ड्रायव्हरच्या हाती देते आहे. फोन करावा तर रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते, आणि माझे गुडघे त्याला तयार नाहीत.

आता मुद्द्याचं. तू कंडक्टरची सारी नोकरी माझ्या दारावरून गेलास आणि एकदाही माझ्या घरी बसून जेवला नाहीस. मी चहाचा पेला घेऊन फाट्यावर धावत यायची, तू पायरीवर उभ्याने पिणार, घंटी वाजवणार, की गेलास. निवृत्त झालास तरी तेच. येतोस, परतीच्या बसकडे डोळा ठेवून चहा पितोस आणि पळतोस. या वेळी नवा तांदूळ आहे, दारात गाडी आहे. मुक्कामाला ये.

माया आहे तशी ठेव, जमलं तर थोडी वाढव.
तुझी बाई,
केसर

गडचिरोली,
दि. २१ नोव्हेंबर

आदरणीय बाईस,
देवाजीचा सविनय जयभीम. वि. वि.

चिठ्ठी मिथुनने घरी आणून दिली. असं रेल्वेचा ड्रायव्हर करणार आहे का, हा माझा पहिला प्रश्न. खोकल्यासाठी डॉक्टर बदलून पाहिला, खोकला तोच राहिला.

बाई, तुमच्या त्या गाडीला हात दाखवला तर ती थांबते का? म्हातारं माणूस धावत येताना दिसलं तर वाट पाहते का? कुठे उतरायचं हे तिथे कोणी विचारत नाही म्हणतात. आणि ज्या गाडीला घंटी नाही, तिला निघायची परवानगी देतं कोण? मी सगळे प्रवासी चढल्याशिवाय कधी चढलो नाही, आणि मी घंटी दिल्याशिवाय माझी गाडी कधी हलली नाही. भामरागडच्या वाटेवर पूर आला होता तेव्हा नाल्याअलीकडच्या गावाने आम्हाला जेवू घातलं. त्या पंगतीतही मी शेवटी बसलो होतो, आणि तोवर भाजी संपली होती. याला ड्युटी म्हणतात.

तेव्हा मी येईन तर एसटीनेच, आणि थंडी ओसरल्यावर. नवा तांदूळ तेवढ्यात जुना होत नाही. संघप्रियेला म्हणावं, गाडीच्या दारात उभी राहू नको.

लोभाची गाडी आपल्या रस्त्यावर चालू ठेवावी.
तुझा,
देवाजी

कोसमटोला,
दि. १६ जानेवारी

प्रिय भाऊ देवाजीस,
केसरबाईचा जयभीम. वि. वि.

थंडी ओसरायची वाट पाहू नकोस, इथे पेटलं आहे.

परवा रेल्वेचे एक साहेब येऊन गेले. ते म्हणाले, हा थांबा कायमचा नाही, फक्त चालतो की नाही ते पाहायला दिला आहे. सरकारचा पैसा माणसं बसतात म्हणून मिळतो, आणि कोसमटोल्याची तिकिटंच खपत नाहीत. एकट्या संघप्रियेचा पास आहे. त्यांच्या हिशोबाप्रमाणे गडचिरोलीहून कोसमटोल्याला माणसं रोज येतात आणि इथून परत कोणीच जात नाही. साहेबांनी सरपंचाला विचारलं, इतकी माणसं तुम्ही ठेवता कुठे?

खरं काय ते सांगते. गाडी आमच्याच लोकांनी भरलेली असते. पण सगळे सरळ जाऊन गाडीत बसतात आणि पैसे मुठीत धरून कंडक्टरची वाट पाहतात. गडचिरोली येते, कंडक्टर येत नाही, पैसे मुठीतच राहतात. येताना तिथल्या दारावर पोलीस उभा असतो, म्हणून रांगेत लागून तिकीट घेतात. इथे पोलीस नाही, दार नाही, नुसता झिंगू आहे. त्याला रामराम-जयभीम करून लोक पुढे जातात आणि तो मान हलवून पुन्हा डुलकी घेतो.

टोल्यावरच्या वस्तीतला पत्रू गोंड तर गार्डाजवळ जाऊन पैसे घ्या म्हणून मागे लागला होता. गार्डाने हिरवी झेंडी हलवली. पत्रूला वाटलं, म्हातारा समजून माफ केलं. एकदा तिकीट तपासणारा आला तेव्हा पत्रूने आनंदाने पैसे पुढे केले, तर तो दंड मागायला लागला. पत्रू त्याच्यावरच उखडला की इतके दिवस होतास कुठे, आम्ही काय रोज पैसे घेऊन हिंडावं? साहेबांनी भिंतीवर मोठा बोर्ड लावला. पत्रूची बायको सुकरी म्हणते, तो बाहेरगावच्यांसाठी आहे. मी स्वतः सांगून पाहिलं. ती मला म्हणाली, "बाई, कंडक्टर आला का देऊ न. आम्ही का चोर आहो?"

हसू येतं, पण मला रात्री झोप लागत नाही. मार्चपासून गाडी थांबणार नाही असं साहेब सांगून गेले. पोरीच्या बापाने, प्रफुलने, चंद्रपूरहून कळवलं आहे की थांबा गेला तर पोरीचं शिक्षण बंद, पुन्हा खोली घेऊन ठेवणं त्याला झेपणार नाही. पोरगी दुसऱ्या वर्षाला आहे. ती नुसती भांडी जोरात घासते.

भाऊ, या लोकांनी जन्मभर तिकीट एकाच माणसाच्या हातून घेतलं आहे. तो गडचिरोलीत खोकत बसला आहे. उठ आणि ये.

बाकी लोभ नंतर, आधी ये.
तुझी बाई,
केसर

कोसमटोला,
दि. १९ जानेवारी

आदरणीय आजोबांना,
संघप्रियेचा सविनय जयभीम. वि. वि.

आजीची चिठ्ठी मिळाली असेलच. ही मी वेगळी लिहिते आहे, आणि ही पण एसटीनेच पाठवते आहे, म्हणजे तुम्ही उघडाल.

आजोबा, मी तुम्हाला गडचिरोलीच्या स्टेशनवर पाहते. कुंपणापलीकडे, चहाच्या टपरीला टेकून, गाडी आली की उतरणाऱ्यांवरून तुमची नजर फिरते आणि ओठ हलतात. परवा एक म्हातारी बोचकं विसरून उतरली, तेव्हा तुम्ही कुंपणातूनच तिला ओरडून सांगितलंत. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि तुम्ही पेपर तोंडापुढे धरलात. पेपर उलटा होता. मी आजीला हे सांगितलेलं नाही.

मला नर्स व्हायचं आहे. बाबांचा काही दोष नाही, पण थांबा राहिला तरच ते होईल. आजीने तुमच्यासाठी ओसरीवर बाज विणून ठेवली आहे, तिच्यावर ती कोणाला बसू देत नाही.

आशीर्वाद असू द्या, आणि पेपर सरळ धरत जा.
तुमची नात,
संघप्रिया

गडचिरोली,
दि. २३ जानेवारी

आदरणीय बाईस,
देवाजीचा जयभीम. वि. वि.

दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. स्टेशनजवळ मी चहा प्यायला जातो, तिथला चहा चांगला असतो, एवढंच नमूद करतो.

सोमवारपासून येतो. सकाळच्या बसने फाट्यावर उतरेन आणि दुपारच्या बसने परत जाईन. माझ्या अटी अशा. मी रेल्वेच्या पैशाला हात लावणार नाही, एका खात्याच्या माणसाने दुसऱ्या खात्याच्या पैशाला हात लावू नये. मुक्काम करणार नाही. डबा माझा मी आणेन, ड्युटीवर असताना मी पाहुणचार घेत नाही. झिंगूला म्हणावं, जागा राहा.

काळजी करू नको. आपली माया पायरीवर उभी असली तरी गाडीतच आहे असं समज.
तुझा,
देवाजी

कोसमटोला,
दि. २५ फेब्रुवारी

चि. प्रफुल यास,
आईचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पोरगी टाकीवरून फोन करते तेव्हा तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून सविस्तर लिहिते. थांबा राहिला. पोरीचं नाव कॉलेजातून काढायचं नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर, मग पुढचं वाच.

तुझा मामा आला तो खाकी शर्ट घालून, गळ्यात ती जुनी चामड्याची पेटी अडकवून. डेपोने फाटकी म्हणून टाकलेली ती त्याने मागून घेतली होती. फलाटाच्या तोंडाशी उभा राहिला आणि बसमध्ये द्यायचा तशी हाक दिली, "तिकीट, तिकीट बोला!" अरे, सगळ्यांच्या मुठी एकदम उघडल्या. पत्रू म्हणाला, आला न कंडक्टर, मी म्हणत नव्हतो? आणि नोट पुढे केली. मामाने हात मागे घेतला. पेटी गळ्यातून काढली, झिंगूच्या खिडकीशी खिळ्याला टांगली आणि म्हणाला, "पेटी तिकडं हाय, पैसे पेटीजवळ द्या." सगळे गेले की रे. ज्या खिडकीकडे कोणी बघत नव्हतं तिथे रांग लागली. मामा मागून ओरडत होता, सुट्टे काढा, सरकून उभे राहा. खिडकीपुढे सरकायला जागाच नव्हती, तरी लोक सरकत होते. झिंगूला पहिल्यांदाच घाम फुटला.

असा तो महिनाभर आला. माझ्या घराकडे फिरकला नाही. फलाटावरच डबा खायचा आणि दुपारच्या बसने जायचा. मी बाजेवर आणखी एक सतरंजी घातली.

काल साहेब आले. रांग पाहून त्यांनी झिंगूला पुन्हा पुन्हा विचारलं की ही माणसं आजच्यापुरती तर आणली नाहीत. मग पेटीकडे बोट दाखवून, ही काय म्हणून विचारलं. सुकरी पुढे येऊन म्हणाली, तो आमचा कंडक्टर आहे. साहेबांनी थांबा पुढेही चालू राहील असं सांगितलं आणि पेटी मात्र काढू नका म्हणाले.

चहापाण्यात मामाची बस निघून गेली. मग काय, संध्याकाळच्या रेल्वेने जावं लागणार. तोंड एवढंसं करून त्याने पेटीजवळ जाऊन तिकीट काढलं. गाडी आली. डब्याची पिशवी सीटवर ठेवली आणि हा बाबा सवयीने परत खाली उतरला, सगळे चढतात की नाही पाहायला. पत्रूला चढवलं, सुकरीला हात दिला, तिचं बोचकं आत ढकललं, मागेपुढे नीट पाहिलं, आणि गाडीच्या डब्यावर दोनदा थाप मारली.

गाडी गेली.

मामा फलाटावर तसाच हात वर करून उभा. पत्रू दारातून ओरडत होता, "अरे, थांबवा, कंडक्टर खाली राह्यला!" जन्मात त्याच्यावाचून गाडी गेली नव्हती. मला आधी खूप हसू आलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहून रडूच आलं. जवळ जाऊन मी एवढंच म्हणाले, "आता तुले सोडून गेली न ते? चल घरी."

बाजेवर बसला, कोंबडीचा रस्सा आणि भात जेवला, दोनदा भात मागून घेतला. इतकी वर्षं मी त्याला उभ्यानेच पाहिला होता. बसल्यावर तो माझ्या बाबांसारखा दिसतो, हे मला काल कळलं.

माया ठेव आणि पोरीला एकदा स्वतः सांग.
तुझी आई

गडचिरोली,
दि. २ मार्च

आदरणीय बाईस,
देवाजीचा सविनय जयभीम. वि. वि.

ही चिठ्ठी संघप्रियेच्या हाती रेल्वेने पाठवतो आहे. मिथुनला सांगू नको, त्याला वाईट वाटेल.

डब्याची पिशवी स्टेशनात मिळाली, डबा घासून ठेवला होता. कोणी घासला ते कळलं नाही, पण रेल्वेबद्दल एक शब्द मागे घेतो. खिडकीतली पेटी तिथेच राहू दे, फक्त पट्ट्याला अधूनमधून तेल लाव.

बाई, माझी गाडी नेहमी मला घेऊनच निघाली, म्हणून मी कधी कुठे राहिलो नाही. त्या दिवशी जेवताना तू समोर बसून पंखा हलवत होतीस आणि मला कुठे जायचं नव्हतं. मला ते फार बरं वाटलं. हे तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

पुढच्या महिन्यात येतो, रेल्वेनेच येतो. येतानाची गाडी वेळेवर पकडेन. जातानाची चुकवायची आहे, तेव्हा तांदूळ जरा जास्तच काढून ठेव.

तुझा,
देवाजी