दंडाचा पट्टा आणि पेठेची फायनल

५ जाने., सोमवार
राजारामपुरीतल्या दवाखान्यातनं प्रेशरचं मशीन घरी आलं. हृदयात स्प्रिंग बसवून दोन महिने झाले. आता रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, आकडा मोबाईलमधनं आपोआप तिकडं सिस्टरला दिसणार. छत्तीस वर्षं शिवाजी पेठेत पाण्याचे वॉल सोडले, प्रेशर काय असतंय ते मला शिकवू नका म्हटलं. सिस्टर म्हणाली, "काका, आधी पाच मिनिटं एकदम गप्प बसायचं."
आमची मंडळी, शालन, आतनं: "हे पाच मिनिटं गप्प बसलं तर मीच डॉक्टरला फोन लावतो."

८ जाने., गुरुवार
वर १५४, खाली ९६. दहा मिनिटांत सिस्टरचा फोन. "काका, काल काय खाल्लं?"
"भाकरी-भाजी."
"आणि?"
आणि गल्लीतल्या दोस्ताच्या, अण्णाच्या नातवाचं बारसं, पांढरा रस्सा, चार वाट्या. आयला, घरात बायकोला कळलं न्हाय ते राजारामपुरीत कळलं!

११ जाने., रविवार
पेठेच्या टीमनं फुटबॉलची सेमीफायनल मारली!! अण्णानं ग्राउंडवरनं फोन चालू ठेवलेला, नुसत्या आरडाओरड्यावर मॅच ऐकली. शेवटच्या मिनिटाला गोल. आणि त्याच वेळी पट्टा बांधायचा शहाणपणा कुणी केला? मीच. १६८.
डॉक्टर स्वतः फोनवर. फायनल २५ ला हाय, चाळीस वर्षांत पेठेची एकबी चुकवली न्हाय, सांगून बघितलं. म्हणाले, "१७ पासून २४ पर्यंत, आठही दिवस वरचा आकडा १४० च्या आत दाखवा आणि जा. एक दिवस जरी वर गेला तर घरात बसायचं."

१४ जाने., बुधवार
संक्रांत. तिळगूळ एकच वडी. ठेचा बंद, लोणचं बंद, अण्णा बंद. १४२.

१९ जाने., सोमवार
१३६, १३४, १३८. तीन दिवस पास! जेवणात मीठ न्हाय, बोलण्यात फुटबॉल न्हाय. ह्याला काय जगणं म्हणायचं...

२१ जाने., बुधवार
सकाळीच अण्णा रस्त्यातनं वरडला, "गोलकीपरचा पाय मुरगाळला रं!" डोकं गरम. आज १४० च्या वर जाणार, नक्की. फायनल गेली.
मग खुळेपणा केला. शालनला म्हटलं, जरा हात दे.
"माझा कशाला?"
"मशीन तपासतोय."
ही पाचला उठणारी, आयुष्यात दवाखान्याची पायरी चढली ती बाळंतपणाला. हिचा १२० च्या पुढं जातोय कशाला? पट्टा बांधला, बटण दाबलं.
१७६. खाली १०४.
मशीन बिघडलं म्हटलं. माझ्या दंडाला बांधलं: १३७. परत तिच्या: १७२.
तिन्ही आकडे तिकडं पोचले होते. फोन आलाच. "काका, हे काय चाललंय?" मग खरं सांगून टाकलं. सिस्टर ओरडली न्हाय, तेच जास्त लागलं. म्हणाली, "काकूंना कधी तपासलंय?"
शालन बाजूनं: "मला काय धाड भरली? डोकं दुखतंय रोज, ते ह्यांच्यामुळं."
रोज दुखतंय. मला म्हाईत न्हाय. अख्ख्या पेठेचं प्रेशर सांभाळलं आणि घरातलं... लाज वाटली. लई लाज वाटली.

२२ जाने., गुरुवार
काल लगेच रिक्षानं दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, ईसीजी काढला, तो चांगला आला. गोळी चालू. आता मशीनवर दोन नावं, आकडे वेगवेगळे. डॉक्टर मला: "चोरी केलीत म्हणून बचावल्या. पण परत करू नका." आणि हिला दोन-चार दिवस एकटं सोडायचं न्हाय म्हणाले.
आज माझा १३५. पास हाय, पण आता काय उपयोग.

२३ जाने., शुक्रवार
अण्णाला सांगितलं, मी येत न्हाय. अण्णानं न वरडता फोन ठेवला. जन्मात पहिल्यांदा.

२४ जाने., शनिवार
१३६. आठवा दिवस पास. शालननं चहा आपटला पुढ्यात. "उद्या घरात तोंड पाडून बसणार. त्यापरीस मी बी येतो की."
"तू? ग्राउंडवर?"
"एकेचाळीस वर्षांत कधी चल म्हटलंय काय?"
न्हाय म्हटलं. खरंच कधी म्हटलं न्हाय.
सिस्टरला विचारलं. "उद्या दोनला काकूंचा आकडा पाठवा. १५० च्या आत असला तर जा. सावलीत, खुर्चीवर बसायचं. आणि ओरडायचं नाही."
शालन: "मी न्हाय वरडत. ह्यास्नी सांगा."

२५ जाने., रविवार
मॅच चारला. सकाळी तिचा १५४. जेवणात दोघांनाबी अळणी. अण्णाचे चार फोन: "वैनीसाठी खुर्ची धरून ठेवलीया, लवकर या!"
दीड वाजता ही टीमच्या रंगाची साडी नेसून तयार. मला म्हणती, "पाय बरा झाला काय वो त्याचा, गोलकीपरचा? न्हायतर त्या दुसऱ्याला उभा करतील, त्यो उजवीकडं झेपच टाकत न्हाय." एवढी वर्षं मी भिंतीला सांगतोय असं वाटायचं.
आता दोन वाजलेत. खुर्चीत बसलीय, पाय जमिनीवर, पट्टा दंडाला. पाच मिनिटं बोलायचं न्हाय म्हणून मी हे लिहीत बसलोय. ती गप्प. मी बी गप्प.
झाली पाच. बटण दाबतो.